रतनचा ताकाचा कोर्स

११ जानेवारी १९७१, राजूर
तालुक्याला, अकोले गावच्या डॉक्टरांनी रतनला तपासलं. लिव्हर वाढलंय, चरबी धरली असावी म्हणाले. गोड बंद, रोज चालणं, जेवणात ताक. शिवाय नगरला नेऊन टेस्ट करा. टेस्ट कशाला? ताक आहे की! साठ पोरं सांभाळणाऱ्या मास्तरला बायकोचं एक लिव्हर सांभाळता येणार नाही? उद्यापासून पहाटे ताक मी घुसळणार.

१२ जानेवारी
उठायला उशीर झाला. ताक रतननेच घुसळलं. देखरेख माझी.

२६ जानेवारी
झेंडावंदनाची जिलेबी उरली. टाकायची कशी? दोघांनी खाल्ली. वर तिला दोन पेले ताक पाजलं. फिट्टंफाट.

७ मार्च
वजन उतरलं! बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. रतन म्हणाली, अहो, जेवणच जात नाही, नगरला जाऊन येऊ या का. म्हटलं, वेडे, याला प्रोग्रेस म्हणतात. परीक्षा संपल्या की बघू.

९ मे
भाच्याची हळद. बायकांनी रतनला पार माखून काढलं. लई दिवसांनी हसली.

१६ मे
हळद अजून उतरली नाही. आमच्याकडची हळद पक्की.

२४ मे
डोळ्यांतही गेलेली दिसते. शेजारच्या राहीबाई म्हणाल्या, गुर्जी, हळद इतके दिस ऱ्हाती व्हय? बाईंना नगरला न्या. लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची भारी हौस! ताक दुप्पट केलं.

२ जून
पाय सुजले, पोट फुगलं. ताक जास्त झालं असणार. निम्मं करतो. सोमवारी नगर. नक्की.

१० जून
सोमवार गेला. शाळा उघडली, पहिल्याच आठवड्यात रजा बरी दिसत नाही.

१९ जून, नगर
काल रतन बोलता बोलता बरळायला लागली. जीप करून इथे आणली. डॉक्टरांनी विचारलं, पिवळ्या कधीपासून? म्हटलं, भाच्याच्या हळदीपासून. ते हसले नाहीत. लिव्हर गेलंय म्हणाले, फार उशीर केलात.

दुपारी ती शुद्धीवर आली. डॉक्टर काय म्हणाले, विचारलं. म्हटलं, थोडा अशक्तपणा आहे, ताक चालू ठेवायला सांगितलंय. बोलताना रडूच फुटलं मला.

तिने माझा हात धरला. म्हणाली, अहो, एवढी भीती वाटत होती तर सांगायचं होतं. मीच तुम्हाला हाताला धरून नगरला आणलं असतं.