शिकायची गरज नाही

ग्वायारामेरिन,
एप्रिलचा दुसरा मंगळवार, जेवणानंतर

प्रिय दोरिलामावशी,

आधी तुझा आशीर्वाद मागते, मग बाकीचं. तुझा गुडघा कसा आहे? काकांची साखर आटोक्यात आहे ना? आणि पोपट अजून तुझ्या सासूबाईंच्याच आवाजात शिव्या देतो का? आम्ही सगळे बरे आहोत. (हे वाक्य सवयीनं लिहून गेले. खोडायला हवं होतं, पण खाडाखोड केलेलं पत्र पाठवू नये असं बाबांनीच शिकवलंय, म्हणून राहू दे.) फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही स्वतःच देतात.

तर नाताळापासून मी एखादी परकी भाषा शिकायचं मनात घेतलं होतं. आयुष्यभर कारखान्यात बदाम फोडत बसायचं नव्हतं. बाबांचं म्हणणं, स्पॅनिश बोलणाऱ्याला निम्म्या युरोपच्या भाषा अर्ध्या तरी फुकट मिळतात, तेव्हा सोपी बघून निवड. मी निवडायला बसले आणि दोन महिने निवडतच राहिले (तुला माझा स्वभाव माहीत आहे, मी चपला घ्यायला गेले तरी दुकानदार बसायला खुर्ची देतो). इटालियनसाठी पाद्रीबाबांकडे गेले. ते खूश झाले, पण चाळीस वर्षं इथे राहून त्यांची इटालियन बरीचशी झिजली आहे, प्रार्थना आणि रागावणं एवढंच शिल्लक आहे. फ्रेंचला बाबांचा विरोध. जी अक्षरं बोलायची नाहीत ती लिहायची कशाला, शाई काय झाडाला लागते? पोर्तुगीज नदीपलीकडेच, पण तिचं नाव काढलं की शेजारच्या अस्तेरियाबाई हसायच्या. "त्यात शिकायचं काय गं? आपलंच बोलायचं, फक्त सर्दी झाल्यासारखं!"

फेब्रुवारीत बाबा पिवळे दिसायला लागले आणि माझी भाषा ठरली. इथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, हात धुतले आणि पलीकडे ब्राझीलमध्ये दाखवा म्हणाले. दुसरा कोणी असता तर दुसऱ्याच दिवशी होडीत बसला असता. बाबा म्हणाले, हातवारे करून माणसानं केळी विकत घ्यावीत, आजार सांगू नये. भाषा नीट शीक, मग जाऊ. तुला आठवत असेल, जंगलातल्या बदामाच्या तळावर शाळा नव्हती, तेव्हा मी अकरा वर्षांची होईपर्यंत बाबांनीच मला पोत्यावर बसवून शिकवलं. तिथला पहिला नियम असा, की जे येत नाही त्याला 'येत नाही' म्हणायचं आणि जे येतं त्याला 'येतं' म्हणायचं. तो मी आजवर पाळला. (एकदा सोडून.)

बाबांनी वहीत तीन रकाने आखून दिले. पहिला 'शिकायचे शब्द', दुसरा 'जपून वापरायचे', तिसरा 'शिकायची गरज नाही'. म्हणजे जे दोन्हीकडे सारखे, किंवा झोपेतही ओळखू येतील असे. तिसरा रकाना भराभर भरत गेला. इस्पितळ, डॉक्टर, यकृत, एक, दोन, तीन, दिवस, महिने. बाबा प्रत्येक शब्दाला मांडीवर थाप मारायचे, "हा पण फुकट!" एकवीस दिवस आम्ही असा अभ्यास केला. (ते एकवीस दिवस मी आता रोज मोजते. पाद्रीबाबा म्हणतात त्यानं काही फरक पडला नसता, पण ते डॉक्टर नाहीत.)

मग गेलो. होडीत बाबांनी सगळ्यांना मोठ्यानं स्पॅनिशमध्ये नमस्कार केला आणि सगळ्यांनी पोर्तुगीजमध्ये उत्तर दिलं, कुणाचं काही अडलं नाही. मी मात्र रांगेत उभं राहण्याबद्दल माफी मागायचं वाक्य पाठ करत होते. दोनदा जाऊन तपासण्या झाल्या. तिसऱ्यांदा, मार्चच्या शेवटी, डॉक्टरीणबाईंनी समोर बसवलं. माझ्याहून फार मोठ्या नसतील. आम्ही पलीकडचे म्हणून त्या मुद्दाम सावकाश बोलल्या, एकेक शब्द वेगळा ठेवून, लहान मुलाला घास भरवावा तसा. मावशी, त्यांचा एकही शब्द पहिल्या रकान्यातला नव्हता. सगळे तिसऱ्यातले.

बाबा शेजारीच होते. पोत्यावर बसून मी पाढा म्हणायचे तेव्हा बघायचे तसे माझ्याकडे बघत होते. "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "फार भरभर बोलल्या, बाबा. मला नीट कळलं नाही."

बाई चकित होऊन माझ्याकडे बघत राहिल्या. बाबा भडकले. "एवढे दिवस काय बदाम फोडत होतीस?" मग बाईंना हात जोडून म्हणाले, "पोर हुशार आहे हो, शिक्षक म्हातारा झालाय."

तेव्हापासून रोज सकाळी कुटलेल्या केळ्यांचा मसाको खाल्ला की (मी खाते, ते दोन घास घेतात आणि बाकीचा कोंबड्यांना) दोन तास उजळणी. पोटात दुखलं तर उशी धरून बसतात, पण आवाज तळावरच्यासारखा खणखणीत. मला भाषा आली, की पुन्हा बाईंना विचारायला जायचं ठरलंय. म्हणून मला ती येता कामा नये. मुद्दाम चुका करणं फार कष्टाचं आहे गं. रात्री आधी बरोबर उत्तर तयार करते, मग ते बिघडवते. बाबा लाल पेन्सिलीनं चूक पकडतात आणि त्यांचा चेहरा उजळतो. पण काल म्हणाले, बरीच सुधारणा आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ. अस्तेरियाबाईही परवा कुंपणावरून म्हणाल्या, "एव्हाना माझ्या शेळ्या पोर्तुगीज बोलल्या असत्या, नेली!"

काकांना नमस्कार. पोपटालाही.

तुझी भाची,
नेलिदा

ता. क. तू तीस वर्षं तिकडे ब्राझीलमध्ये आहेस, तुझं बाबा ऐकतील. त्यांना लिही की पोर्तुगीज दिसायला सोपी पण डॉक्टरांची पोर्तुगीज वेगळीच असते, ती कळायला निदान वर्ष लागतं, तुलाही अजून कळत नाही. हे खोटं आहे याची मला कल्पना आहे. त्याचं पाप माझ्याकडे. ते किती मोठं हे पाद्रीबाबांना विचारायचं धाडस होत नाही.

ता. क. २. होडी कधी सुटते ते विचारून येते आणि मग पाकीट चिकटवते. बाबा झोपलेत.

ता. क. ३. दोरिला, झोपलेलो नाही. तिची पत्रं लहानपणापासून मीच तपासतो, हेही तपासलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, दुरुस्त केल्या. ती सांगते तसंच लिही, वर्ष लागतं म्हणून. बाई फारच सावकाश बोलल्या, आणि तिसरा रकाना मीच आखला होता. पोरीला चुका करता येत नाहीत, बिचारीच्या सगळ्या मुद्दाम केलेल्या दिसतात. पण सकाळी उठायला मला त्या लागतात. जून उजाडायच्या आत ये. येताना एखाद्या अवघड भाषेचं पुस्तक आण, जर्मन चालेल, जाडजूड बघून घे. पुढे तिलाही सकाळी उठायला काहीतरी लागेल. पाकीट मीच चिकटवतोय. फाउस्तो.