आईकडे कोण बघतं?

सोमवार, ६ जानेवारी

आलो एकदाचे नव्या रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये. सामान सोडायच्या आधीच धाकट्या बहिणीने मला पलंग खिडकीशी ओढायला लावला. आठव्या महिन्यात हुकूम सोडायचा हक्क असतो म्हणे. तिचा नवरा बोटीवर, आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडे. तिला एवढंच हवंय की त्या वेळी मी तिचा हात धरून बसावं. मी म्हटलं, वेडे, माझं कामच ते.

आता काम निम्मं तेच राहील. आठवड्यातले तीन दिवस प्रसूतिकक्षात सुईण, दोन दिवस संशोधन. इतकी वर्षं डॉक्टरांच्या संशोधनासाठी नमुने गोळा केले, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. या वेळी प्रश्नच माझा आहे. बाळ रडलं की खोलीतल्या सगळ्या नजरा त्याच्याकडे वळतात. आईला रक्तस्राव होऊन घात होतो तो नेमका तेव्हा. मग त्या वेळी आईकडे कोण बघतं?

मला स्वतःचं टेबल मिळालं, दारावर पाटीसुद्धा. धाकटी म्हणाली, अर्धी सुईण, अर्धी पंडित. माझ्या बाळाने यातल्या कुठल्या अर्ध्या भागाला मावशी म्हणायचं?

गुरुवार, ९ जानेवारी

संशोधनाचा पहिला दिवस. प्राध्यापकबाई माझ्या मार्गदर्शक, मऊ बोलणाऱ्या, पण नियमाला पक्क्या. गणवेश घालायचा नाही, बोलायचं नाही, काही झालं तरी कशाला हात लावायचा नाही. कोणी बघतंय हे कळलं की माणसं नीट वागतात आणि मग निरीक्षण फुकट जातं. त्या म्हणाल्या, “खोलीला तुमचा विसर पडला पाहिजे.”

कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल आहे, आधीच्या संशोधक नर्सचं. ती कुठे गेली, कोणालाच सांगता आलं नाही. सोडून गेली असेल, असं आयाबाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या.

माझे हात इतके शिवशिवत होते की पाठीमागे बोटांत बोटं अडकवून बसले. बाळ रडलं. सगळे वळले. आईने मात्र माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या भिंतीकडे, आणि विचारलं, “त्या दुसऱ्या बाई कोण?” बाळंतपणाच्या ग्लानीत बायका काहीही बोलतात. टिपून ठेवलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

प्राध्यापकबाई माझ्या नोंदींवर खूश आहेत. खोलीच लिहितेय असं वाटतं, म्हणाल्या. दिवसभर हवेत होते.

नर्सा मात्र टोमणे मारतात. ‘आल्या शास्त्रज्ञबाई, उठा, खुर्ची द्या.’ निदान मारायच्या तरी. या आठवड्यात तेही थांबलंय. आयाबाई माझ्या स्टुलाशी चहा ठेवायच्या. आज ठेवला नाही.

सोमवार, २७ जानेवारी

आज सुईणीचा दिवस, अंगात गणवेश. मोठ्या नर्सने कामं वाटली आणि माझ्यावरून पुढे गेली. मी हाक मारली. तिने खिडकी लावून घेतली, जणू वारं आलं.

घरी येऊन धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, ताई, तू हल्ली फार हळू बोलतेस.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भिंतीशी खरंच कोणीतरी आहे. साध्या कपड्यांत, हात पाठीमागे बांधलेले. चेहऱ्याच्या जागी काहीच ठरत नाही, बघता बघता निसटतं. आईला ती दिसते, मला दिसते, बाकी कोणाला नाही. ती काही करत नाही. नुसती आईकडे बघते.

मी तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांत बोटं. मीही तशीच बसते.

प्राध्यापकबाईंची चिठ्ठी टेबलावर आहे. काम इतकं उत्तम चाललंय की यापुढे पाचही दिवस संशोधन. बक्षीस म्हणून.

दारावर पाटी नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नियम मोडला. एका बाईने हात पुढे केला होता, मी धरायला गेले. तिला लागला नाही. मलाही लागला नाही. ती किंचाळली, गार, गार. नर्सने तिला पांघरूण घातलं.

काम सोडते असं सांगायला गेले. प्राध्यापकबाई माझंच लिखाण वाचत होत्या. मी समोर उभी होते. त्यांनी पान उलटलं.

पेन तेवढं धरता येतं. दुसरं काहीच—

सोमवार, १७ फेब्रुवारी

धाकटीने एकच ताट घेतलं. शेजारणीला सांगत होती, ताईला कामापुढे घर आठवत नाही, कळा सुरू झाल्या तरी येते की नाही कोण जाणे.

मी तिच्या समोर बसले होते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आणलंय तिला. सकाळपासून. दर कळेला ताई, ताई. मोठी नर्स म्हणते, निरोप धाडलाय, येतील.

इथेच आहे मी. इथेच.

भिंतीपाशी आज ती नाही. तिच्या जागी मीच उभी आहे.

धाकटीने पाहिलं माझ्याकडे. पाहिलं! हसले मी, हसले असेन. ती नर्सचा हात घट्ट धरून म्हणाली, “कोपऱ्यातल्या त्या बाईला बाहेर काढा. मला भीती वाटते. माझ्या ताईला बोलवा.”

बाळ आलं. मुलगी. रडली. सगळे वळले.

सगळे तिकडे. वजन, नाळ, पुसणं, हसणं. ओठ आईवर गेलेत म्हणे.

धाकटी गप्प आहे. ओठ पांढरे. पोट घट्ट व्हायला हवं, मुठीसारखं, ते मऊ आहे, इथून दिसतंय. चोळायला हवं. कोणीही चोळा. मी हात ठेवलेत, दाबतेय, दाबतेय, हात लागतच—

आयाबाई, इकडे. चादर उचला. खाली बघा.

कोणीतरी बाळ तिला दाखवतंय. ती बघत नाहीये. ती माझ्याकडे

चादर उचला. चादर