दादाच्या जीपचा बुलगार्ड

रविवार, संध्याकाळ

दादाने नव्या जीपला पुढे लोखंडी बुलगार्ड बसवून आणला. मी म्हटलं, "दादा, याला कायद्याने बंदी आहे. धडक बसली तर एअरबॅग वेळेवर उघडणार नाही."

"टेन्शन नको घेऊस गं. पोलिसांनी पकडलं तर बघू."

पोलिसांचं कोण बोलतंय? वहिनीला सातवा लागलाय, आणि ती पुढच्याच सीटवर बसलेली. मला राहवलं नाही. "वहिनी, उतर. तो गार्ड निघेपर्यंत बसू नकोस."

ती उतरली. दादा रागारागात एकटाच न्हावा शेवाच्या रस्त्याला लागला, कंटेनरच्या ट्रेलरांमध्ये.

तो गार्ड डोळ्यांसमोरून हलत नाही. चुकलं का माझं? अंधार पडला. त्याचा फोन नुसता वाजतोय.

वहिनी गॅलरीतूनच म्हणाली, "ताई, मी शेजारी असते तर त्यांनी हळू चालवली असती."