चालणे हा खेळ असल्याबाबत

दि. ११/०८/२०२५

प्रति,
मा. प्रवेश नियंत्रण अधिकारी,
क्रीडा राखीव जागा कक्ष, दुसरा मजला,
सोलापूर.

अर्जदार : जोतिराम बिरुदेव मेटकरी, एसटी वाहक, रा. जुळे सोलापूर.

विषय : भाची कु. सुकन्या बिरप्पा गडदे हिला दिव्यांग जागेवर चुकून मिळालेला प्रवेश खेळाडू जागेवर वर्ग करून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. (तिन्हींना उत्तर मिळाले, म्हणूनच हा चौथा.)

महोदया,

१. अर्जात 'मी' लिहायचे नसते, 'अर्जदार' लिहायचे असते, असे आपल्या खिडकी क्र. तीनने मागच्या खेपेस सुनावले. तरी खाली जो अर्जदार हेलपाटे घालताना दिसेल तो हाच, एसटीत तिकिटे फाडणारा, सुकन्याचा सख्खा मामा.

२. सुकन्या सांगोल्याकडची, घरी मेंढरे. तिचा खेळ चालणे. पळणे नव्हे, चालणे. या शर्यतीत एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो आणि पुढचा गुडघा ताठ. नाहीतर पंच लाल कार्ड दाखवतात. जिल्ह्यात ती पहिली आली. तेव्हा अर्जदाराची बहीण गोजाबाई हिने, "दादा, जितं हिला शिकवनारं कुनी हाय तितंच घाल," असे बजावून पोरगी अर्जदाराच्या हवाली केली. अर्जदाराने सुट्ट्या टाकून पाच कॉलेजे पालथी घातली. एकाने कबड्डीत घेतो म्हटले. एकाने "चालतीस कशाला, पळ की" असा फुकटचा सल्ला दिला. एका ठिकाणी हार घातला, पण मैदानावर मोटारसायकली लावलेल्या. फक्त एका कॉलेजात खेळ शिकवणारे पंचाक्षरी सर भेटले. त्यांनी प्रमाणपत्र उघडूनही पाहिले नाही. पोरीला चार फेऱ्या चालवले आणि म्हणाले, "उजवा गुडघा वाकतोय, राज्याला गेली की बाहेर काढतील. दोन वर्षं द्या, सरळ करून देतो." दोष दाखवणारा गुरू मिळाला म्हणून पोरगी रिक्षात घरापर्यंत हसत होती. अर्जदारालाही वाटले, जिंकलो.

३. फॉर्म भरताना संगणकावरील खेळांच्या यादीत चालणे नव्हते. केंद्रवाल्याने 'इतर' दाबून पुढे 'चालणे' लिहिले व 'चालण्याबाबतचे प्रमाणपत्र' जोडले. आपल्या कक्षात कुणाला तरी वाटले, मुलीला चालण्याची अडचण दिसते. दया येऊन त्यांनी फाइल पहिल्या मजल्यावर दिव्यांग कक्षात पाठवली. यादी लागली तेव्हा कॉलेज तेच, नाव तेच, जागा मात्र दिव्यांगांची.

४. अर्जदाराने पहिला अर्ज केला. त्यावर आपण स्वतः लाल शाईने 'चालेल' असा शेरा मारलात. आपला अर्थ 'हरकत नाही, जागा बदला' असा होता, हे कोणीही सांगेल. परंतु पहिल्या मजल्याने तो 'मुलगी पुढेमागे चालेल' असा वाचला, आणि नोंद केली : 'प्रकृतीत सुधारणा अपेक्षित. तूर्त जागा कायम.' महोदया, अर्जदार त्या नोंदीपुढे कपाळाला हात लावून उभा राहिला.

५. दुसऱ्या अर्जावर वैद्यकीय दाखला मागितला गेला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात चालायला लावले. त्यांनी पेनाचे टोपण काढेपर्यंत ती पार टोकाला जाऊन परत आली होती. दाखल्यात लिहिले आहे : 'मुलगी उत्तम चालते.' तिसऱ्या अर्जाला तो जोडताच दिव्यांग कक्ष म्हणाला, मग हा खोटा लाभ झाला, प्रवेश रद्द करा. आणि एकदा रद्द केला की नियमाप्रमाणे यंदा कुठेच प्रवेश नाही. आपला कक्ष म्हणतो, ती जागा नावावर आहे तोवर खेळाडू जागा देता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

६. खिडकी क्र. तीनने आपुलकीने सुचवले, "गप बसा की मेटकरी. कॉलेज तेच, सर तेच, कोन बघाया येतंय?" अर्जदार दोन दिवस गप्प बसलाही, हे कबूल करतो. पण मग पोरीने सकाळी वर्गात लंगडायचे आणि दुपारी मैदानात पदक आणायचे, हे तीन वर्षे कसे निभावे?

७. प्रवेशाची मुदत १३ तारखेला संपते. तरी सुकन्याला खेळाडू जागेवर घ्यावे, ही कळकळीची विनंती.

सोबत : जिल्हा स्पर्धेचे प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, 'चालेल' शेऱ्याची छायाप्रत.

(यापुढील मजकूर पेनाने, आपल्या कक्षाबाहेरील बाकावर बसून.)

वरील अर्ज टाइप होत असताना सुकन्याने फोन करून अर्जदाराच्या मोबाईलवर आलेले सहा आकडे विचारले. कॉलेजचे काही असेल म्हणून अर्जदाराने सांगितले. ते प्रवेश रद्द करण्याचे आकडे होते; ते टाकून तिने दिव्यांग जागा स्वतःच सोडली.

त्या जागेच्या प्रतीक्षा यादीत पहिले नाव कु. अपेक्षा राजशेखर हत्तुरे हिचे आहे. तिच्या डाव्या पायाला कॅलिपरचा लोखंडी आधार आहे. नऊ दिवस ती आणि तिचे वडील याच बाकावर अर्जदाराच्या शेजारी बसत होते. दोघी पोरींनी एकाच डब्यातली शेंगाचटणी खाल्ली. अर्जदाराला सगळे ठाऊक होते, आणि चारही अर्जांत त्याने त्या मुलीबद्दल एक ओळ लिहिली नाही. याची त्याला लाज वाटते.

अर्जदार सुकन्यावर लई ओरडला. ती एवढेच म्हणाली, "मामा, ती जागा तिची हाय की. तिला दुसरी कुटं मिळनार?"

सबब विषयातील विनंती आता उरलेली नाही. अपेक्षाला मुदतीच्या आत बोलवावे; तिच्या वडिलांचा नंबर पाठीमागे लिहिला आहे. सुकन्याच्या नावापुढे संगणकावर 'यंदा अपात्र' आले आहे. खरे वागलेल्या माणसाने कोणत्या नमुन्यात अर्ज करावा, तो नमुना आपल्याकडे असल्यास एक प्रत मिळावी. अर्जदार कार्यालय बंद होईपर्यंत येथेच आहे. गोजाबाईचा फोन दोनदा येऊन गेला, त्याने उचललेला नाही.

आपल्या दारातला,
(सही)
जोतिराम बिरुदेव मेटकरी