निमिष त्या घरात काम करतो

क्वीन्सटाउन, सिंगापूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि पद्माकरराव बरे असाल. तुझा गुडघा आता काय म्हणतोय? इथे आम्ही ठीक. ऋताची परीक्षा आलीये; अभ्यासाला बस म्हटलं की "चिल लाह, ममा" म्हणते. मला जॉर्जियाहून येऊन आठ दिवस झाले, पण थकवा जात नाही. रॅफल्स प्लेसला उतरते आणि ऑफिसपर्यंत पाय ओढत जाते. तुझे चार फोन घेतले नाहीत. प्रवासाचा शीण आहे असं कळवलं, ते अर्धंच खरं.

निमिष भेटला. बारीक झालाय, पण तब्येत बरी. तुझे लाडू त्याने विमानतळावरच उघडले.

दुसऱ्या दिवशी तो मला तिबिलिसीपासून दोन-अडीच तासांवरच्या एका डोंगरातल्या गावी घेऊन गेला. फार वर्षांपूर्वी एक युक्रेनी लेखिका क्षयाने आजारी पडून हवापालटासाठी तिथे आली आणि तिथेच गेली. तिचं घर आता स्मारक केलंय. लाकडी जिना, दोन खोल्या, लोखंडी पलंग. शेवटी तिला पेन धरवेना, तेव्हा ती सांगायची आणि घरमालकिणीची मुलगी उतरवून घ्यायची. हे मला निमिषने मराठीत सांगितलं. मग युद्धामुळे घरदार सोडलेल्या सात-आठ युक्रेनी बायका आल्या, त्यांना त्यांच्या भाषेत. एक बाई पलंगाशी उभी राहून रडायला लागली. निमिष तिचा हात धरून नुसता उभा राहिला.

"इतकी भाषा कधी शिकलास?" मी नंतर विचारलं.

"युक्रेनला कॉलेजात इंग्लिश चालायचं, मावशी. पण खारकीव्हचं आमचं होस्टेल सांभाळणाऱ्या आजींना कुठलं इंग्लिश? हिची पुस्तकं वाचून दाखवत त्यांनीच शिकवली."

"कुठे असतात त्या आता?"

तो म्हणाला, "युद्ध सुरू झालं तेव्हा सहा दिवस आम्ही तळघरात होतो. त्यांना चालवत नव्हतं. उचलून नेईन म्हणालो होतो मी. बस आली, गर्दीत मी चढलो. उतरलो नाही. एप्रिलमध्ये त्या गेल्याचं कळलं."

ताई, निमिषने तिबिलिसीचं कॉलेज सोडलंय. दीड वर्ष झालं. स्कॉलरशिप मिळाली म्हणाला होता, तीही थाप. तो त्या घरात काम करतो, तिथेच मागच्या खोलीत राहतो.

मला हे गेल्या दिवाळीपासून माहीत आहे, त्यानेच सांगितलं होतं. तू विचारायचीस तेव्हा "परीक्षा चालू असेल गं" म्हणत राहिले.

आणखी एक. तो युक्रेनहून पुण्याला परत आला, खोलीबाहेर पडत नव्हता, तेव्हा त्याने मला विचारलं होतं, "मावशी, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ?" तेव्हा माझ्या नोकरीचं आणि इथे राहायच्या वर्क पासचं काही खरं नव्हतं. मी म्हटलं, फ्लॅट लहान आहे रे. आणि तुला सांगितलं, वर्ष वाया घालवू नकोस, त्याला जॉर्जियाला पाठव. तू माझं ऐकलंस.

निघताना मी म्हटलं, "आईला आता मी सांगणार." तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, "सांग. पण ती रडली तर मला कळव."

ते मी कळवणार नाही. तूच त्याला फोन कर, रडत असलीस तरी कर. मार्कांचं काही विचारू नकोस. दोष द्यायचा तर मला दे.

आज स्वतःला तुझी बहीण म्हणवताना अवघडलेली,
अनघा