माझ्या पार्किंगमधला दगड

४ जानेवारी, रविवार.
श्रीवर्धनकडच्या किनाऱ्यावरून दगड आणला. काळा, गुळगुळीत, दोघांनी उचलावा असा. तिथे पाटी होती, वाळू, दगड, शिंपले नेण्यास मनाई. असले कायदे डंपर भरून वाळू चोरणाऱ्यांसाठी असतात. मी रिटायर्ड हेडक्लार्क आहे. शेजारच्या संदेशचं चाक रोज माझ्या पार्किंगच्या रेघेत घुसतं. उद्यापासून बंद.

५ जानेवारी, सकाळी ७.
दगड रेघेवर ठेवला.

सकाळी १०.
संदेशने वॉचमन काळुरामकडून बाजूला सरकवून घेतला. नालायक.

६ जानेवारी.
मानपाड्याहून शेंदूर आणला. तेलात कालवून दगडाला फासला, वर दोन जास्वंदी. आता हलवून दाखव म्हणावं. संदेशने चपला काढल्या, नमस्कार केला, गाडी मागे घेतली! काळुरामने विचारलं, देव कुठून आले. आपोआप आले म्हटलं. डोकं लागतं.

११ जानेवारी.
बी विंगच्या बायका नारळ फोडतात. पाणी माझ्या बॉनेटवर. आमची कलावतीही त्यांच्यात. दगड डिकीत चढताना हिने स्वतः पाहिलाय. तसं म्हटलं तर म्हणते, देवाला यायला कोणाची तरी डिकी लागतेच.
बायकोशी वाद घालायचा नाही. निश्चय.

१४ जानेवारी.
जिन्यात संदेशला ऐकवलं, खास तुझ्यासाठी समुद्रावरून आणलाय. ऐकवल्याशिवाय मजा काय? तोंड बघण्यासारखं झालं.

१७ जानेवारी.
त्या हलकटाने तहसीलला अर्ज केला. दगड किनाऱ्यावरचा आहे म्हणून. ठीक. उद्या मीच परत नेऊन टाकतो. कायद्याचा मान राखणारा या सोसायटीत मी एकटाच.

१८ जानेवारी, रविवार.
पहार घेऊन उतरलो. आरती चालू. कलावतीने पहार काढून घेतली. देवाला हात लावलात तर बाळकुमला माहेरी जाईन, म्हणाली. ओरडली असती तर चाललं असतं. शांतपणे म्हणाली.
कंबरही दुखत होतीच.

२१ जानेवारी.
तलाठीबाई आल्या. किनाऱ्यावरचा एक दगडसुद्धा गौण खनिज, म्हणाल्या. विनापरवाना आणला असेल तर दंड होतो, गुन्हाही. सगळी सोसायटी गोळा झालेली.
"काका, हा दगड तुम्ही आणलात?"
मला पेन्शन हातची जाताना दिसायला लागली. स्वयंभू आहे म्हणालो. माझ्याच जागेत, माझ्या डोळ्यांदेखत फरशी फोडून वर आला. जबाबावर सही केली. साक्षीदार म्हणून संदेशने केली, हसत. मोठ्या संकटातून शिताफीने सुटलो.

२५ जानेवारी, रविवार.
सोसायटीची सभा. संदेशने ठराव मांडला. देव जिथे प्रकटले तिथे गाडी उभी करणं बरं नाही, शिवाय प्रदक्षिणेला जागा हवी. माझा जबाब मोठ्याने वाचून दाखवला. विरोध करायचा तर काय म्हणून करायचा? कलावतीने अनुमोदन दिलं. एकमताने मंजूर.
गाडी शीळफाट्याला एका गॅरेजमागे ठेवून रिक्षाने परत आलो. गेटवर संदेश पेढे घेऊन उभा. उद्यापासून रोज सकाळी सातची आरती माझ्या हस्ते. ज्याला देव दिसला त्यानेच करायची, असं तो म्हणाला.