तुझ्या हातावरचा शेंदूर

सोलापूर, शनिवार

प्रिय मार्था,

मी तुला पत्र लिहितोय हे चर्चच्या पाळकसाहेबांना कळलं तर म्हणतील, मिस्त्री, गेलेल्यांशी बोलायचं नसतं. ठाऊक आहे मला. मी तुझ्याकडे काही मागत नाही. उद्या उपासना संपली की तुझ्या कबरीच्या दगडावरचा हात मी छिन्नीने उडवणार आहे. तुला न सांगता ते करणं जमेना, म्हणून लिहितोय.

तो हात तू पाहिलेला नाहीस. दुष्काळी कामावर, खडीच्या ढिगाआड लुगड्याचा आडोसा करून तू किती बायकांची बाळंतपणं केलीस! तिथंच तापानं पडलीस आणि उठलीच नाहीस. तुझ्यासाठी नुसतं नाव कोरायचं? ते तर मी सात रस्त्याजवळच्या कचेऱ्यांच्या कोनशिलांवर कुणाकुणाचं कोरत आलोय!

म्हणून तुझा उजवा हात कोरला. मूल धरताना कोपरात वाकवायचीस तसा. लहानपणी जात्याखाली सापडून वाकडी झालेली तर्जनी, अंगठ्याचं रुंद नख, मनगटावर काचेच्या बांगड्या. काळ्या पाषाणात बांगडीची कड उठवणं सोपं नसतं. हात चांगला उतरला, हे मी आजही म्हणेन. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, अक्षरं कोरता कोरताच वाचायला शिकलेल्या माणसानं केलाय तो!

पाळकसाहेब तेव्हाच म्हणाले होते, “मिस्त्री, क्रूस आणि नाव पुरे. हात कशाला?”

मी म्हटलं, “साहेब, ही मूर्ती नाही. ही खूण आहे.”

गावोगावच्या वेशीवर सतीचा दगड असतो, त्यावर असाच कोपरातून वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. जन्मभर पाहत आलो ना मी ते दगड! पण कोरताना डोळ्यांपुढे फक्त तू होतीस.

आधी तुझ्या दगडावर एक हिरवी बांगडी दिसली. वाटलं, कुणा पोरीची पडली असेल. मग तेल. मग लिंबू. एका अमावास्येनंतर गेलो तर हात शेंदरानं माखलेला. पेरांवरच्या रेघा बुजल्या होत्या. तुझी वाकडी तर्जनी सरळ दिसत होती, मार्था! तो हात तुझा राहिलाच नव्हता.

मी तारेच्या ब्रशानं खरवडायला लागलो, तेवढ्यात नागव्वा आली. केळी विकणारी नागव्वा, जिच्या थोरल्या सुनेला तू बाळंतपणात सोडवलंस ती.

“मिस्त्री, नगा खरवडू. लई कडक हाय ती सुईणआई.”

“नागव्वा, ही माझी बायको आहे. देव एकच, आणि तो दगडात नसतो. ही नुसती खूण आहे.”

“मग आमी बी खूणच पुजतो की!” ती हसली. “आन् बायकूचाच हात असा खरवडवतो व्हय तुमास्नी?”

मी उरलेला शेंदूर खरवडून काढला.

त्यानंतर आठवडाभरात नागव्वाच्या धाकट्या सुनेला मूल झालं, ते मेलेलंच. नागव्वा आता हसत नाही. माझ्या दारावरून जाताना पाटी डोक्यावर तशीच धरून थांबते, आणि निघून जाते. दुसऱ्या एका बाईच्या अंगात तू आलीस म्हणे, आणि कोंबडं मागितलंस. तू! तुला तर रस्सासुद्धा पचत नव्हता.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आपली एस्तेर बाळंतपणाला माहेरी आलीय. नववा लागलाय. गल्लीतल्या बायका तिच्या तोंडाकडे बघत नाहीत, पोटाकडे बघतात.

परवा तुझ्या दगडावरच्या बांगड्या काढत होतो. त्यात एक निळी होती, सोनेरी ठिपक्यांची. मीच एस्तेरला घेतलेली. घरी येऊन तिचं मनगट पाहिलं. एक कमी होती.

“बाबा, मी मागितलं प्रभूलाच,” खाली बघत म्हणाली. “पण म्हटलं, आईलाही सांगून ठेवावं.”

रागावू कुणावर? मूर्तीपुढं वाकू नकोस सांगणाऱ्या बायबलातल्या दहा आज्ञा तूच पाठ करून घेतल्यास ना तिच्याकडून? आणि तिला आईचा हात हवासा वाटला, तो हात दगडात कुणी दिला?

उडवतो म्हणालो तशी रडायला लागली. “बाबा, माझं होईपर्यंत तरी थांबा!”

थांबता येत नाही, मार्था. ती सुखरूप सुटली तर सगळे म्हणतील, बघा, हातानं राखलं. एस्तेरही तेच मानेल. मग तो हात कुठलीच छिन्नी काढू शकणार नाही. उद्याच काढायला हवा. आणि काढल्यावर तिला काही झालं तर? मला ही गल्ली सोडावी लागेल. ते एक वेळ चालेल. पण पोरगी मरताना हेच मानेल की बापानं आईला डिवचलं. आज छिन्नीला धार लावायला बसलो आणि दोनदा ती खाली ठेवली. मीही भ्यालोय, बघ. तुला नव्हे, दगडाला! इतकी वर्षं दगड फोडून पोट भरलेला माणूस!

पाळकसाहेब येऊन उभे राहतील. एस्तेर येणार नाही म्हणते. नागव्वा आणि तिच्यासोबतच्या बायका येतील, असं कानावर आलंय. तुझं नाव आणि क्रूस यांचा टवकाही उडू देणार नाही.

एवढा शब्द देतो. पोरगी सुटली तर आभार मानायला तुझ्या दगडापाशी येणार नाही. नाही सुटली तर दोष द्यायलाही येणार नाही. दोन्ही घेऊन मी देवाच्याच पुढे उभा राहीन, आणि पोरगी गेली तर का नेलीस, हे त्याला मोठ्यानं विचारीन.

तुझाच,
योहान मिस्त्री